जागेची साक्ष

भंडाऱ्याच्या बाजारात पितळेची घागर घ्यायला आलेला जुना गिऱ्हाईक आधी तिच्यावर टिचकी मारत असे. आवाज ऐके, काठ चाचपून बघे, उचलून वजनाचा अंदाज घेई आणि एवढे सगळे झाल्यावर भाव विचारी. पितळी भांड्यांसाठी हे गाव ओळखले जाते. स्टीलने त्या धंद्याची रया घालवली, पण टिचकीची सवय इथल्या बोटांत अजून शिल्लक आहे. प्रेशर कुकरही आमच्याकडे लोक वाजवून घेतात. तिकडे तुमसरच्या बाजारात धानाचा व्यापारी पोत्यात लोखंडी नळी खुपसून मूठभर दाणे काढतो, एखादा दाणा दाताखाली फोडतो आणि ओल किती आहे ते सांगतो. वस्तूच्या व्यवहारात असा पडताळा घ्यायची सोय असते.

आता दाढी-कटिंगचा विचार करा. ती आधी वाजवून बघता येत नाही. खानावळीतली भाजी ताटात पडेपर्यंत कशी आहे ते कळत नाही, आणि अपेंडिक्सच्या ऑपरेशनचे तर ते झाल्यावरही रोग्याला धड कळत नाही. टाके कोरडे झाले, माणूस घरी आला, एवढेच त्याला दिसते. आतली शिवण बरी की वाईट, हे सांगणारा त्याच्या ओळखीत कोणी नसतो. सेवेचा व्यवहार हा असा विश्वासावर पैसे मोजण्याचा व्यवहार आहे. मग माणूस काय करतो? टिचकी मारायला जे समोर असेल त्यावर मारतो. फरशी बघतो, पंखा फिरतो का बघतो, भिंतीवरचे प्रमाणपत्र वाचतो, बाकावर आधी कोण बसले आहे ते न्याहाळतो. जागेला साक्षीला उभे करतो.

वाणिज्य शाखेच्या वर्गात सेवांचे विपणन हा विषय मी काही वर्षे शिकवला. पुस्तकातली उदाहरणे विमान कंपन्यांची आणि पंचतारांकित हॉटेलांची. लाखनी-साकोलीकडून एसटीने येणाऱ्या मुलांच्या गळी ती उतरेनात. तेव्हा मी त्यांना बसस्थानक, सलून, सेतू केंद्र, दवाखाना यांच्याकडे बघायला सांगू लागलो, आणि बघता बघता मलाच तो नाद लागला. या लेखातले बरेचसे त्या नादातून आले आहे.

शास्त्राचे आधी सांगून टाकतो. १९७३ साली फिलिप कोटलर यांनी दुकानातले वातावरण हे विक्रीचे एक हत्यार आहे, असे मांडले. गिऱ्हाईक नुसती वस्तू घेत नाही. प्रकाश, वास, आवाज, गारवा हे सगळे मिळून जे होते ते विकत घेतो, असा त्यांचा मुद्दा. पुढे १९९२ साली मेरी जो बिटनर यांनी सेवा देण्याच्या जागेसाठी ‘सर्व्हिसस्केप’ असा शब्द घडवला आणि तिचे तीन पदर सांगितले. पहिला पदर हवेतला, म्हणजे उजेड, गोंगाट, वास, उकाडा. दुसरा मांडणीचा: टेबल कुठे, खुर्ची कशी, रांग कुठून कुठे वळते. तिसरा खुणांचा, म्हणजे पाट्या, चित्रे, रंग आणि कोण कुठे बसायचे ते न बोलता सांगणाऱ्या साऱ्या गोष्टी. मराठीत ‘सेवापरिसर’ म्हणता येईल, पण मला आपला ‘जागा’ हा शब्दच पुरेसा वाटतो. लग्नाच्या बोलणीत आपण मुलालाही ‘स्थळ’च म्हणतो, नाही का? मुलीकडची मंडळी मुलाला दोन प्रश्न विचारतात आणि उरलेला वेळ घराची कौले, विहिरीचे पाणी, गोठा, हल्ली संडास-बाथरूम बघण्यात घालवतात. जो पुढे कसा वागेल ते आज कळायचे नाही, त्याचा अंदाज त्याच्या जागेवरून बांधायचा, ही युक्ती बिटनरबाईंच्या फार आधीची आहे.

बिटनर यांचा १९९० सालचा प्रयोग मात्र आपल्या आज्यांनी केलेला नव्हता, आणि माझ्या मते या विषयातला तोच सर्वांत मोलाचा. त्यांनी विमानतळावरच्या प्रवाशांना एक प्रसंग वाचायला दिला. ट्रॅव्हल एजंटाकडून तिकिटात चूक झाली आहे आणि प्रवाशाला नाहक जास्त पैसे पडले आहेत. प्रसंगासोबत एजंटाच्या कार्यालयाचे छायाचित्र होते. काहींना नीटनेटके कार्यालय दाखवले, काहींना कागद विखुरलेले, पसाऱ्याचे. चूक दोन्हीकडे तीच. पण पसारा पाहिलेल्यांनी तिचा दोष कार्यालयाकडे अधिक लावला आणि असे इथे पुन्हाही होईल, असे त्यांना जास्त वाटले. नीटनेटकी जागा पाहिलेल्यांना तीच चूक एखाद्या वेळची वाटली.

हे मी वर्गात सांगत असे तेव्हा उदाहरण सेतूचे घेई. जातीच्या दाखल्यावर आडनावातली वेलांटी चुकली. दाखला काढून देणारा पोरगा एका टपरीत बसतो. बाजूला झेरॉक्सचे कागद, वायरींचा गुंता, चहाचे कागदी कप. गिऱ्हाईक घरी जाऊन म्हणते, “तिथं असंच चालते जी, त्याले काही समजत नाही.” तीच वेलांटी टोकन-नंबर देणाऱ्या, काचेच्या केबिनच्या केंद्रात चुकली तर, “गर्दी होती बिचाऱ्यांकडे, एखाद्या वेळी होते.” जागेने इथे चूक लपवली नाही. पण चुकीला माफी मिळेल की ती माणसाच्या नावावर कायमची चिकटेल, हे मात्र तिने ठरवले. छोट्या भांडवलाच्या माणसाचे यात दुहेरी नुकसान होते. पसारा आवरायला जास्तीची खोली लागते, तिचे भाडे त्याच्याकडे नसते, आणि खोली नाही म्हणून त्याची चूक जास्त मोठी ठरते.

खुर्चीच्या पलीकडच्या माणसाचीही एक बाजू आहे. ती आपण विसरतो. १९५६ साली अब्राहम मॅस्लो आणि नॉर्बर्ट मिंट्झ यांनी लोकांना काही चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून त्यांतला उत्साह आणि समाधान जोखायला सांगितले. एक खोली सुंदर, एक साधी, एक मुद्दाम अडगळीसारखी कुरूप केलेली. सुंदर खोलीत बसलेल्यांना तेच चेहरे जास्त प्रसन्न वाटले. पण मला जास्त बोलका वाटतो तो मिंट्झ यांनी नंतर नोंदवलेला भाग. प्रयोग घेणारे परीक्षक त्या कुरूप खोलीत दिवसेंदिवस बसत होते, आणि ते काम भराभर उरकू लागले. त्यांना थकवा, डोकेदुखी, चिडचिड जाणवू लागली. आता आपल्या एखाद्या जुन्या कचेरीतला कारकून डोळ्यांपुढे आणा. डोक्यापर्यंत रचलेले तांबड्या कापडातले बस्ते, मे महिन्यात गरम वारा फेकणारा पंखा, पाठ मोडलेली खुर्ची. “बाबू खेकसतो” अशी तक्रार घेऊन आपण बाहेर पडतो. त्या खोलीत आपण दहा मिनिटे असतो, तो तीस वर्षे.

इथवर वाचून असे वाटेल की टाइल्स लावा, रंग काढा, एसी बसवा, की सेवेबद्दलचे मत आपोआप चांगले होईल. बाजारात सल्ला देणारे हेच सांगतात. आमच्या भागातल्या सावजीने मात्र हा सल्ला कधी मनावर घेतला नाही. सावजी जेवण हलबा कोष्टी समाजाचे, विणकरांच्या घरचे. नागपूर हे त्याचे मोठे ठाणे, आणि मोहाडी-आंधळगाव-पवनीकडच्या विणकरवस्त्यांचे नागपूरशी जुने नाते असल्याने ही चव आम्हाला परकी नाही. अस्सल सावजी भोजनालय म्हणजे बहुधा घराची पुढची खोली. चार-सहा टेबले, भिंतीचा रंग उडालेला, पाण्याचा जग, कांदा-लिंबाची बशी, आत चुलीपाशी घरचीच माणसे. तर्रीने कपाळावर घाम आणला की पुसायला खिशातला रुमाल. या ठिकाणी उद्या कोणी पांढरे टेबलक्लॉथ अंथरले आणि मंद दिवे लावले तर जुना गिऱ्हाईक दारातूनच परत फिरेल. त्याच्या लेखी साधी खोली म्हणजे पैसा मसाल्यात गेला, भिंतीत नाही, याचा पुरावा. जागेची भाषा ठिकठिकाणी शिकलेली असते. एका ठिकाणी जो उणेपणा, तोच दुसऱ्या ठिकाणी गुण. प्रत्येक साधी खोली प्रामाणिक असते असे मात्र नाही. ‘अस्सल’ दिसण्यासाठी मुद्दाम भिंत काळी ठेवणारे आणि दारात बैलगाडीचे चाक टेकवणारे ढाबे महामार्गावर कमी नाहीत. साधेपणाचीही सजावट करता येते.

आणि चकचकीत जागा प्रत्येकाला आवडतेच असेही नाही. बँकेच्या काचेच्या दारापाशी उभे राहून बघा. धोतरातला म्हातारा शेतकरी येतो, आतली फरशी बघतो आणि चपला बाहेर काढून ठेवतो. कोणी सांगितलेले नसते. दार ढकलायचे की ओढायचे याचा क्षणभर घोटाळा होतो. आत गार हवेत तो खुर्चीच्या कडेवर बसतो, पूर्ण टेकत नाही. गावातल्या सेवा सहकारी सोसायटीच्या खोलीत हाच माणूस पाय पसरून, सचिवाला नावाने हाक मारून बसलेला असतो. पुस्तके सांगतात की जागेवरून माणूस सेवेबद्दल मत बनवतो. माझे निरीक्षण असे की त्याआधी तो त्या जागेत स्वतःबद्दल मत बनवतो: मी इथला की पाहुणा, मला इथे प्रश्न विचारता येईल की नाही. एकदा ‘आपण इथले नव्हे’ असे ठरले की तो व्याजाचा दर विचारत नाही, अंगठा कुठे लावायचा तेवढेच विचारतो. पुढे काही बिनसले तर तक्रारही करत नाही. फक्त परत येत नाही. चकचकीत जागा चालवणाऱ्याला मात्र वाटत राहते की सगळे खूश आहेत.

खुणांचा पदर किती धारदार असू शकतो, हे समजायला जुन्या चहाच्या हॉटेलातली एक वस्तू आठवली तरी पुरे. अनेक ठिकाणी दाराबाहेर किंवा छपराच्या वळचणीला एक वेगळी कपबशी ठेवलेली असे. दलित गिऱ्हाइकाने ती स्वतः घ्यायची, वरून ओतलेला चहा प्यायचा, विसळून परत ठेवायची. पाटी नसे, बोलणे नसे. ती कपबशी कोण आत बसेल आणि कोण बाहेर उभे राहील ते सांगे. १९५५च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने दुकाने व उपाहारगृहे यांत प्रवेश नाकारणे आणि तिथली भांडी वापरू न देणे हा गुन्हा ठरवला. कायदा थेट भांड्यांपर्यंत खाली उतरला, कारण अपमान तिथे ठेवलेला होता. ‘भौतिक परिसर’ हा शब्द ऐकला की आपल्याला पडदे आणि कुंड्या आठवतात, म्हणून हे सांगितले.

दिवाळीच्या तोंडावर लिहितो आहे, तेव्हा झाडीपट्टीच्या नाटकांना वगळून पुढे जाववत नाही. लाखांदूरकडून वैनगंगा ओलांडली की वडसा. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते आणि मंडईच्या रात्री नाटक. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हा हंगाम होळीपर्यंत चालतो. रात्रभराचे नाटक गावातले मंडळ आधीच ठरवते. न पाहिलेल्या प्रयोगासाठी मोठी रक्कम बोलायची म्हणजे पुन्हा तीच टिचकीची अडचण. म्हणून वडशात नाटक मंडळ्यांची कार्यालये ओळीने आणि त्यांवर नटनट्यांचे चेहरे असलेले भलेमोठे फलक. गावचे चार जण येतात, फलक बघतात, कार्यालयात बसतात, चहा घेतात. पण सौदा केवळ फलकावर होत नाही. शेजारच्या गावात मागच्या वर्षी प्रयोग कसा झाला, हे त्यांनी आधीच विचारून ठेवलेले असते. फलक दारापर्यंत आणतो, आत सौदा होतो तो ऐकीव अनुभवावर. जिथे अशी विचारपूस शक्य आहे तिथे जागेची साक्ष माणसे हातचे राखूनच घेतात. जिथे घाई आहे, भीती आहे, दुसऱ्याला विचारायला वेळ नाही, तिथे ती पूर्ण मानली जाते.

तसे ठिकाण म्हणजे दवाखाना.

दवाखान्याच्या जागेचा परिणाम नुसत्या मतावर होत नाही, शरीरावरही होतो. रॉजर उलरिच यांनी १९८४ साली अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या नऊ-दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे सरासरीने लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१५ साली ‘कायाकल्प’ योजना आणली. सरकारी रुग्णालयांची स्वच्छता, देखभाल, जंतुसंसर्ग रोखण्याची व्यवस्था यांना गुण द्यायचे आणि चांगल्यांना बक्षीस. योजना चांगली आहे. कोपऱ्यात थुंकू नये म्हणून जिन्याच्या भिंतीत देवादिकांच्या फरशा बसवाव्या लागणाऱ्या देशात तिची गरज कोणी नाकारणार नाही. (त्या फरशांवर सगळ्या धर्मांची चित्रे शेजारी शेजारी असतात. सर्वधर्मसमभावाचे इतके ठाम दर्शन दुसरीकडे क्वचितच घडते.)

पण ९ जानेवारी २०२१च्या रात्रीनंतर भंडाऱ्यातल्या माणसाला हा विषय पुस्तकातल्यासारखा मांडता येत नाही. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या विशेष नवजात शिशू कक्षात त्या रात्री आग लागली. कक्षात सतरा बाळे होती. सात वाचली, दहा गेली. नंतर चौकशी झाली, अग्निसुरक्षेच्या उणिवा चर्चेत आल्या, राज्यभरातल्या रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात आग लागली.

अशा कक्षात नातेवाइकांना मुक्त प्रवेश नसतो, आणि जंतुसंसर्गाच्या दृष्टीने ते योग्यही आहे. म्हणजे आईबापांपाशी साक्षीला काय उरते? बाहेरचा व्हरांडा, बंद दार, दारावरची पाटी, ये-जा करणाऱ्या परिचारिकेचा चेहरा. त्यावरून ते मत बनवतात, कारण दुसरे काही नसते. व्हरांडा स्वच्छ असेल तर मत चांगले, अस्वच्छ असेल तर वाईट. आणि दोन्ही वेळा भिंतीतल्या वायरीबद्दल, धूर ओळखणाऱ्या यंत्राबद्दल, बाहेर पडायच्या दुसऱ्या दाराबद्दल त्या व्हरांड्याला काहीच माहीत नसते. जागा आपल्याला जे दाखवते त्याबद्दल ती खरे बोलत असेलही. घोटाळा असा की जे तिला माहीत नाही त्याबद्दलही आपण तिचाच शब्द धरतो. फरशी चकाकते, म्हणजे भूल देणारा जाणकार असणार. रिसेप्शनवर कारंजे आहे, म्हणजे ऑक्सिजनची नळी तपासलेली असणार. खासगी दवाखान्यांच्या दर्शनी भागावर गेल्या काही वर्षांत जो खर्च होतो आहे तो या भोळ्या हिशेबावरच होतो आहे, असे मला वाटते, आणि सरकारी रुग्णालयाला रंग देऊन उद्घाटन करणाऱ्यांचा हिशेबही फारसा वेगळा नाही.

मग काय, जागेकडे बघूच नये? ते शक्य नाही. डोळे मिटून कोणी दवाखान्यात जात नाही. करता येण्यासारखे असेल तर ते एवढेच की खऱ्या कामाचा थोडा भाग डोळ्यांपुढे आणायचा. हार्वर्डचे रायन ब्यूएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका उपाहारगृहात प्रयोग केला. आचारी आणि गिऱ्हाईक एकमेकांना दिसतील अशी व्यवस्था पडद्यांवरून केली, तेव्हा गिऱ्हाइकांचे समाधान वाढले, शिवाय आचाऱ्यांचे कामही सुधारले, वेगही वाढला. रस्त्यावरच्या रसवंतीला हे आधीपासून माहीत आहे. ऊस समोर, चरक समोर, आले-लिंबू समोर, बर्फ समोर. लपवायला जागाच नाही. बर्फ कुठून आला ते विचारू नये, एवढे सोडले तर.

दवाखान्यात ऑपरेशन थिएटरला काच बसवता येणार नाही. पण अग्निशामक सिलिंडर भिंतीवरच असतो, आणि त्याच्या गळ्यात एक छोटे कार्ड बांधलेले असते: कधी भरला, कधी तपासला, पुढची तारीख कोणती. वाचायला वैद्यकीय ज्ञान लागत नाही, अक्षरओळख पुरते. हल्ली मी कुणालाही भेटायला दवाखान्यात गेलो की आधी ते कार्ड बघतो. मागे एका ठिकाणी तारीख उलटून गेलेली होती. काउंटरवरच्या मुलीला दाखवली तर तिने ती वहीत लिहून घेतली आणि म्हणाली, “काका, आजपर्यंत हे कुणी विचारलंच नव्हतं.” परत येताना पाहिले, तर त्या सिलिंडरच्या मुठीला रोग्याच्या एका नातेवाइकाने जेवणाच्या डब्याची पिशवी अडकवली होती आणि त्याच्याखालच्या फरशीवर, स्वच्छ आणि गार फरशीवर, एक बाई उशाला हात घेऊन झोपली होती.